ताणलेल्या बोल्टची बाजू

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून झालेलं आहे. बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर दहा बोल्ट ओळीनं मांडून ठेवलेत. पुसल्यावर चकाकतायत, आटे शाबूत, डोक्याचे कोपरे शाबूत. आणि वर्कशॉप मॅन्युअल म्हणतं, हे टाकून द्या, नवे लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इथवर गोष्ट आली की जमलेल्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘नुसती लूट आहे कंपन्यांची. आमच्या मिस्त्रीनं वीस वर्षांत एक बोल्ट बदलला नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पुस्तकात लिहिलंय ना? मग विषय संपला.’ पहिल्याला प्रत्येक बोल्टमागे कट दिसतो, दुसऱ्यासाठी मॅन्युअल म्हणजे पोथी. बोल्ट मुळात काम काय करतो, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. त्यामुळे हा वाद आटे गेलेल्या बोल्टसारखा जागच्या जागी फिरत राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॅन्युअल जिथं ‘एकदाच वापरा’ म्हणतं तिथं बोल्ट बदलावा. आणि घरी स्वतःची गाडी स्वतः खोलणाऱ्यानं तर याबद्दल सगळ्यात कमी कुरकुर करावी, कारण ताणला जाणारा हा बोल्ट इतर कोणाहीपेक्षा त्याच्याच सोयीचा आहे. त्याची अडवणूक होते हे खरं, पण ती करणारा बोल्ट नव्हे. ती कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरच्या पलीकडे होते, आणि आपण भांडतोय मात्र अलीकडच्या लोखंडाशी.

पान्यानं बोल्ट आवळतो तेव्हा आपण नेमकं काय करत असतो? घट्ट बसवतो, असं बहुतेक जण म्हणतील. पण बोल्ट खिळ्यासारखा रुतून बसत नाही. तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित लांब होतो, आणि पुन्हा आखूड होण्याची त्याची जी धडपड असते तीच हेडला ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडावर, दाबून धरते. रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात दडवलेला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितलेला नियम हाच: जितकं ताणाल तितक्या जोरानं वस्तू मागे ओढणार. (दोन वर्षं शोध कोड्यात लपवून ठेवला गड्यानं. माहिती दाबून ठेवायची खोड फार जुनी आहे, तिच्याकडे पुढे येतोच.)

अशा बोल्टच्या डोक्यावर बहुधा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या पहिल्या भागाला शंभरनं गुणलं की तुटण्याची ताकद मिळते, साधारण १००० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन. दुसरा भाग सांगतो की याच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ९०० च्या आसपास, लवचीकता संपते. त्यापुढे ताणलं की बोल्ट सोडल्यावरही मूळ लांबीवर परत येत नाही. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचं आट्यांपाशी क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर भरतं. गुणाकार करा, ५२ हजार न्यूटन येतात, म्हणजे पाच टनांच्या वर. एका बोल्टला पाच-सहा छोट्या मोटारी टांगाव्यात एवढा ओढा, आणि असे दहा बोल्ट. हा ओढा निर्माण करण्यासाठी शंभर मिलिमीटर लांबीचा बोल्ट ताणावा किती लागतो? जेमतेम ०.४४ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या आतला हा सगळा खेळ आहे.

हा अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, मोजतो. इथं पहिली गोम आहे. पान्यावर लावलेल्या शंभर भाग जोरापैकी साधारण पन्नास बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात जातात, आणि बोल्ट ताणायला उरतात दहा. म्हणजे टॉर्क रेंच ज्याची मोजदाद करतो ते बव्हंशी घर्षणच. एका भोकात जरा गंज राहिला, दुसऱ्यात तेल जास्त झालं, तिसरा बोल्ट कोरडाच गेला. चाळिसाचे पंचेचाळीस झाले की ताणायच्या दहातले पाचच उरले, ओढा निम्म्यावर. चांगला रेंच चार टक्के इकडेतिकडे इतका अचूक असतो, तरी तो वापरून प्रत्यक्ष दाबात पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. हातात सोनाराचा काटा आणि तोलतोय मात्र गोणीसकट भाजी, अशातला प्रकार.

यावर तोड निघाली ती कोनाची. आधी बेताचा टॉर्क, समजा ४० न्यूटन मीटर, एवढ्यानं सगळे बोल्ट सारखे टेकवून घ्यायचे. मग टॉर्क विसरायचा आणि प्रत्येक बोल्ट ९० अंश फिरवायचा, मग पुन्हा ९० अंश. दहा मिलिमीटरच्या बोल्टचा आटा दीड मिलिमीटरचा असेल तर पाव फेऱ्यात तो ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकणार म्हणजे सरकणारच. आटे कोरडे असोत की तेलकट, पान्याला जोर कमीजास्त लागेल, पण पाव फेरा तो पाव फेराच. दोन वेळच्या ९० अंशांत पाऊण मिलिमीटर होतो. त्यातला काही गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला गळती रोखणारा पातळ थर) दबण्यात आणि हेड किंचित आवळलं जाण्यात खर्च होतो, बाकीचा बोल्टला लवचीकतेच्या हद्दीपार नेतो. हे मुद्दाम केलेलं असतं. त्या हद्दीपर्यंत ओढा सरळ चढत जातो, तिच्यापुढे मात्र चढ संपून पठार लागतं. आणखी फिरवलं तर बोल्ट लांब होतो, ओढा फारसा वाढत नाही. म्हणून ९० ऐवजी कोणाकडून ८५ झाले, कोणाकडून ९५ झाले, तरी बिघडत नाही. अंतिम दाब किती हे ठरवतं बोल्टचं पोलाद, आणि ते कारखान्यात उष्णताप्रक्रिया होऊन, तपासून आलेलं असतं. (काटेकोर बोलायचं तर आवळताना बोल्टला पीळही पडतो, त्यामुळे घर्षणाचा हात पुरता सुटत नाही. पण पूर्वी त्याच्या हातात लगाम होता, आता शेपूट उरलंय.)

आता सांगा, या युक्तीचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला? कारखान्यात टॉर्क आणि कोन दोन्हींवर क्षणोक्षणी नजर ठेवणारी यंत्रं असतात, त्यांना कुठलीही पद्धत चालली असती. अडचण असते ती पार्किंगमध्ये गोणपाटावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाची. त्याचा टॉर्क रेंच कधी तपासून घेतलेला नसतो. हात दर रविवारी सरावलेला नसतो. अशा माणसाला डोळ्यांनी बघता येईल असं माप, पाव फेरा, मिळतं. बोल्टच्या डोक्यावर खडूनं एक रेघ ओढली की काम होतं. अचूकपणाची जबाबदारी त्याच्या मनगटावरून काढून पोलादावर टाकलेली आहे. बदल्यात मागितलं काय, तर दर खेपेला नवं पोलाद. मला तरी हा सौदा महाग वाटत नाही.

दुसरी सोय तर आपण साफ विसरलोय. अँबॅसिडरचं ते बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन ज्यांनी हाताळलंय त्यांना आठवेल, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं, वर स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली दांडी) आणि नट. नवं गॅस्केट टाकलं की काही दिवस गाडी चालवून पुन्हा हेड आवळायला यायचं, हा त्या काळचा शिरस्ता. तो माणूस स्टड फेकत नव्हता हे खरं, पण तो पुन्हा येत होता, आणि यायला विसरला तर गॅस्केट जात होतं. आजच्या बहुतेक मोटारींत हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभर मिलिमीटर जाडीचं हेड ऐंशी अंशांनी तापलं तर ते बोल्टपेक्षा साधारण ०.०९ मिलिमीटर जास्त वाढतं, आणि तेवढं बोल्टला ओढतं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. पठारापर्यंत ताणलेला बोल्ट ही ओढाताण सोसूनही पुरेसा दाब राखतो. पुन्हा आवळायची भानगड गेली ती यामुळे आणि सुधारलेल्या गॅस्केटमुळे. आजोबांच्या गाडीचे बोल्ट जन्मभर टिकायचे, असं सांगणाऱ्यांनी आजोबांचे शनिवारही मोजावेत.

तरीही विरोधकांची बाजू पोकळ नाही, आणि तिचा सगळ्यात तगडा मुद्दा ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडतो. हद्दीपार ताणलेला बोल्ट कमजोर होतो, हे सरसकट खोटं आहे. ताण काढला की तो थोडा लांब राहतो एवढंच. पुन्हा ताणला तर तो जवळपास तितक्याच ओढ्यापर्यंत, कधी किंचित जास्तच, तग धरतो, कारण ताणलेलं पोलाद कडक होतं. बांधणीची तार एका जागी वाकवून बघा, तिथंच पुन्हा सरळ करायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. मग ‘एकदा ताणला म्हणजे मेला’ म्हणणाऱ्या पोथीवाल्यांचं काय? त्यांचं पदार्थविज्ञान चुकलंय.

पुढचा मुद्दाही वजनदार आहे. मॅन्युअलांचंच आपसांत एकमत नाही. फोक्सवॅगन गटाचा साधारण दंडक असा, की कोनानं आवळलेला बोल्ट काढला की नवा लावायचा. उलट सुझुकीच्या काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये, बोल्ट कोनानंच आवळायचे असले तरी, आधी मोजायला सांगितलंय. दांड्यावर दोन ठरावीक ठिकाणी मायक्रोमीटरनं व्यास घ्या, फरक ०.१ मिलिमीटरच्या वर गेला तर बोल्ट बाद, नाहीतर पुन्हा लावा. टोयोटाच्याही काही इंजिनांना अशी मर्यादा दिलेली असते. एकाच रस्त्यावर धावणाऱ्या दोन गाड्यांना दोन शास्त्रं कशी? आणि कंपन्यांच्या हेतूवर शंका घ्यायला इतिहास पुरेसं कारण देतोच. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी संगनमत करून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. जास्त टिकणारा बल्ब बनवला तर सभासद कंपनीला दंड होत असे. फीबस नावाची ती टोळी दंतकथा नव्हे. ज्यांनी बल्ब मुद्दाम अल्पायुषी केले त्यांचे भाऊबंद बोल्ट का करणार नाहीत, हा प्रश्न रास्त आहे.

रास्त आहे, पण त्याचं उत्तर फीबसच्याच कारभारात मिळतं. बल्बचं आयुष्य घटवून गिऱ्हाइकाला मोबदल्यात फारसं काही न देता कंपन्यांची विक्री वाढली. बोल्टच्या बाबतीत मोबदला दिसतो: सारखा दाब, सिलिंडरचा गोलवा कमी बिघडणं, पुन्हा आवळणं बंद. आणि धंदा म्हणून पाहिलं तर, ज्या हेडला गाडीच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा हात लागतो, त्याचे दहा बोल्ट विकून कोण गब्बर होणार? लुटायचंच असेल तर दर सर्व्हिसला लागणारा फिल्टर आहे, ब्रेक पॅड आहेत, बंपर आहे. कट रचणाऱ्याला इतकी तरी अक्कल असतेच.

आता तारेकडे परत येऊ. पहिल्यांदा सरळ करताना ती कडक लागली, हे खरं. पण चौथ्या-पाचव्या वेळी ती तुटते ती नेमकी तिथंच. बोल्टचा ओढा कमी होत नाही, त्याची पुंजी कमी होते. तुटण्याआधी तो अजून किती लांबू शकतो ही ती पुंजी, आणि प्रत्येक आवळणीत तिच्यातून खर्च होतो. हा खर्च दांड्यावर सारखा विभागला जातो असंही नाही. कुठंतरी, बहुधा पकडीबाहेरच्या पहिल्या काही आट्यांपाशी, बोल्टची कंबर बारीक होऊ लागते आणि मग पुढचं सगळं लांबणं तिथंच गोळा होतं. दहा बोल्टांपैकी प्रत्येकाचा खर्च वेगळा झालेला असतो, आणि बाहेरून दहाही सारखेच चकचकीत. गॅस्केटला सरासरीशी कर्तव्य नसतं, सगळ्यात ढिला बोल्ट जिथं असेल तिथून ते फुटतं. सुझुकीचा ०.१ मिलिमीटर ही त्या बारीक कंबरेचीच तपासणी. तेव्हा दोन शास्त्रं नाहीत. एकानं पुंजी मोजून सांगायची सोय ठेवली, दुसऱ्यानं मोजण्याच्या कटकटीपेक्षा नवा बोल्ट स्वस्त मानला. जिथं मर्यादा छापलेली आहे तिथं खुशाल मोजा आणि पुन्हा लावा. मी स्वतः तसं केलंय. छापलेली नाही तिथं व्हर्नियर घेऊन बसणं म्हणजे पट्टी हातात, पण मर्यादेची रेघ कुठली ते ठाऊक नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या पार्किंगमधल्या वादात कधी ऐकू येत नाहीत. लांब झालेला बोल्ट तळ बंद असलेल्या भोकात उतरतो तेव्हा तो तळाला टेकण्याची शक्यता असते. तो टेकला की पान्याला मस्त जोर लागतो, रेंच कट् करून वाजतो, माणूस समाधानानं पुढच्या बोल्टकडे वळतो, आणि हेडवर दाब मात्र नाहीच. भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर त्याहून वाईट, अडकलेला द्रव ब्लॉकला तडा देऊ शकतो. दुसरी गोष्ट आट्यांवरच्या लेपाची. नवा बोल्ट ठरावीक लेप आणि ठरावीक घसर घेऊन येतो. वापरलेल्याचा लेप पहिल्याच आवळणीत खरवडला गेलेला असतो. मग ४० न्यूटन मीटरला तो ‘टेकला’ असं रेंच सांगतो ते आधीपेक्षा वेगळ्याच जागी, आणि पुढचे सगळे अंश त्या चुकलेल्या जागेपासून मोजले जातात. कोनाची अख्खी पद्धत सुरुवात बरोबर असण्यावर उभी आहे.

‘पण आमच्या मिस्त्रीनं वीस वर्षं...’ हो. त्या मिस्त्रीबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा दाखला देणाऱ्यांचा राग येतो. हजारभर हेडं आवळलेल्या माणसाला पान्याच्या दांड्यातून कळतं, की हा बोल्ट मऊ लागतोय, फिरतोय पण चढत नाही. तो थांबतो, बोल्ट काढतो, डब्यातला दुसरा लावतो. हे त्याला शब्दांत सांगताही येणार नाही. तो अनुभव त्याच्या हातात आहे, बोल्टमध्ये नाही, आणि आपण त्याच्याकडून उसना घेतो ते फक्त वाक्य. आयुष्यात दुसऱ्यांदा हेड उतरवणाऱ्याच्या हाताला काय कळणार? जुने बोल्ट पुन्हा आवळताना माझ्या हाताला काहीच कळलं नव्हतं. दुसऱ्या ९० अंशांच्या मध्यावर पाना एकदम हलका झाला, मला वाटलं सॉकेट निसटलं. तुटला होता बोल्ट, डोक्यासकट अर्धा माझ्याकडे आणि अर्धा ब्लॉकच्या पोटात. तो उरलेला तुकडा काढायला जे पैसे आणि दिवस गेले त्यांत बोल्टांचे कितीतरी संच आले असते.

शिवाय वीस वर्षांच्या त्या हिशेबात एक बाजू लिहिलेलीच नसते. जी गाडी आठ महिन्यांनी पुन्हा पाणी प्यायला लागते ती त्याच मिस्त्रीकडे येतेच असं नाही. आली तरी दोष कोणाला जातो? ‘गॅस्केट लोकल होतं’, ‘हेड बेंड झालं असणार’, ‘तुम्ही गाडी तापवली असणार’. बोल्टचं नाव कोणी घेत नाही, कारण तो तुटलेला नसतो, फक्त जितका दाबायला हवा होता तितका दाबत नसतो. चुका दिसतच नाहीत अशा ठिकाणी अनुभवातून शिकणं जवळपास अशक्य असतं.

इथं मला फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातली स्टीलची डबी आठवते. काचेची सिरिंज, दोन-तीन सुया, स्पिरिटच्या दिव्यावर उकळणारं पाणी. माझ्या वयाच्या बहुतेकांनी त्या सुया खाल्ल्यात आणि बहुतेक जण धडधाकट आहेत. मग प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या, एकदाच वापरून टाकायच्या. त्याही वेळी म्हणणारे होते, की उधळपट्टी आहे, आमच्या डॉक्टरांनी जन्मभर एकच सिरिंज वापरली. त्या काचेच्या सिरिंजेत आणि या प्लॅस्टिकच्या सिरिंजेत फरक होता. पहिली पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेली होती, उकळणं हा तिच्या वापराचाच भाग होता. दुसरी तशी नव्हती. ज्यांनी दुसरीला पहिलीचे नियम लावले त्यांनी काय केलं, ते २००९ मध्ये गुजरातेत मोडाशाला हेपटायटिस बीच्या साथीनं दाखवलं. पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांतून ती पसरली. अँबॅसिडरच्या स्टडचे नियम आजच्या बोल्टला लावणं त्याच जातीचं आहे. एक मान्य करतो, गळक्या हेडनं माणूस मरत नाही. पण ‘एकदाच वापरा’ ही सूचना इंजिनातच नसते, सस्पेन्शनच्या आणि स्टिअरिंगच्या बोल्टांनाही असते.

काटकसरीचं म्हणाल तर ती मलाही प्रिय आहे. तांब्याचा वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि पुन्हा वापरता येतो, हा जुन्या गॅरेजमधला धडा मी आजही पाळतो. एका शेजाऱ्यानं विचारलं होतं, बोल्टही असाच तापवून ‘ताजा’ का करू नये? चांगला प्रश्न आहे. तांब्याला मऊ व्हायचं असतं, बोल्टला नाही. १०.९ ची ताकद कडक करून मग ठरावीक तापमानाला मुरवण्यातून आलेली असते, गॅसच्या ज्योतीवर ती पाच मिनिटांत निघून जाते. राहिला लोखंडाच्या नासाडीचा मुद्दा, तर दहा बोल्ट मिळून किलोभरही भरत नाहीत आणि आपल्याकडे भंगारवाला दारात येतो. ज्यांना फेकायचंच नाही त्यांच्यासाठी बाजारात पर्याय आहे. अमेरिकेतल्या एआरपीसारख्या कंपन्या लवचीकतेच्या हद्दीखालीच राहतील असे जास्त ताकदीचे स्टड बनवतात, ते पुन्हा वापरता येतात. शर्यतीच्या इंजिनवाले वापरतातही. किंमत विचारा आणि मग साध्या बोल्टांच्या संचाबद्दल बोलू.

एक घोळ मात्र कंपन्यांनीच घालून ठेवलाय. ‘एकदाच’ या एका शिक्क्याखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. काही बोल्ट ताणले जातात म्हणून एकदाच. काहींच्या आट्यांवर गोंदाचा लेप असतो, तो संपतो म्हणून एकदाच. नायलॉनच्या कड्याचा नट त्याची पकड जाते म्हणून. बीएमडब्ल्यूनं २००४ मध्ये आणलेल्या एन५२ इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा होता, पोलादाचे बोल्ट लावले तर मॅग्नेशियम कुरतडलं जाईल म्हणून त्याला ॲल्युमिनियमचे बोल्ट दिले, तेही एकदाच. कारणं वेगळी, धोके वेगळे. लेपाचा बोल्ट साफ करून योग्य लॉकिंग द्रव लावून चालवून घेणं आणि कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा) ताणलेला बोल्ट चालवून घेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मॅन्युअलमध्ये कारणाची एक ओळ का नसते? कारण दिलं की माणूस विचार करतो, आणि नुसता हुकूम दिला की तो एकतर पाळतो किंवा धुडकावतो. दोन पक्ष तिथूनच जन्माला येतात.

म्हणजे खरं भांडण माहितीचं आणि मालाच्या उपलब्धतेचं आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं इंग्लंडात आट्यांचं एकच प्रमाण मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, एकीकडचा बोल्ट दुसरीकडच्या नटात जात नसे. बोल्ट हरवला तर मूळ कारागिराकडेच जावं लागे. व्हिटवर्थच्या प्रमाणानं बोल्ट कोणाचाही झाला. आणि आज? बोल्ट फेकायला सांगणाऱ्यानं तो सहज मिळेल याची हमी घ्यायला हवी, पण ठरावीक जाडीचा दांडा, ठरावीक लेप आणि पार्ट नंबर असलेला हा बोल्ट पुन्हा मूळ कारागिराच्याच दारात जाऊन बसलाय. जास्त खपणाऱ्या गाड्यांसाठी एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झसारखे गॅस्केटवाले बोल्टांचे संच विकतात, पुण्यात नाना पेठेत विचारपूस केली तर सापडतात. पण गाडी जरा कमी खपाची असली, किंवा गाव जरा आडबाजूला असलं, की गाठ त्या एका काउंटरशीच.

ही तक्रार केवळ माझी नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून रोखून धरल्याबद्दल. पुढे अपिलांमध्ये दंडाच्या रकमेवर बरीच घासाघीस झाली. पण आदेशातली एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावी अशी आहे: बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीनं जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्र आहे. बोल्ट पुन्हा वापरून कंपनीला धडा शिकवल्याचं समाधान मिळवणाऱ्यांनी हा आदेश हातात घेऊन भांडायला हवं. टॉर्क किती, अंश किती, पुन्हा वापरता येईल का, येत असेल तर मर्यादा काय, या चार आकड्यांसाठी. जुना बोल्ट लावून आपण कंपनीचं काहीच बिघडवत नाही, उलट तिला हवं तेच करतो. हेड फुटलं की ती म्हणायला मोकळी, बघा, घरी खोललं की असं होतं.

तुटलेला तुकडा ब्लॉकमधून निघाल्यावर मी त्या काउंटरवर गेलो. आधी जॉब कार्ड, म्हणजे गाडी त्यांच्या वर्कशॉपमध्ये आल्याची नोंद, मागितलं. ते नाही म्हटल्यावर बरीच वर-खाली पाहणी झाली, साहेबांना विचारून यावं लागलं, आणि चौथ्या दिवशी दहा बोल्ट पिशवीत बंद होऊन आले. त्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडले. पैसे देता देता मी विचारलं, ‘दुसऱ्या फेरीला अंश किती द्यायचे?’ पलीकडचा मुलगा तसा सज्जन होता. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडून थोडा तिरका फिरवला आणि म्हणाला, ‘काका, ते आतलं असतं.’